इटुकली मुंगी आणि बुटाखालची बुंदी

एक होती गाडी. लांबलचक गाडी. पांढरी गाडी.

गाडी निघाली बार्शीहून. गाडीला जायचं होतं राजापूरला, मावशीच्या घरी. राजापूर किती लांब? खूप लांब. उसाची शेतं संपली की गावं. गावं संपली की डोंगर. डोंगर उतरला की राजापूर.

गाडीत कोण कोण होतं?

पुढे बसले होते बाबा. बाबा गाडी चालवत होते. बाबांचं नाव होतं प्रसन्न. सकाळी ते खरंच प्रसन्न होते.

बाबांच्या शेजारी बसले होते नाना. नाना म्हणजे बाबांचे बाबा.

मधल्या सीटवर आई. आईजवळ आत्या. आत्याच्या मांडीवर खाऊची पिशवी.

मागच्या सीटवर निहारदादा आणि मनू. एका खिडकीशी निहार. दुसऱ्या खिडकीशी बॅगा. बॅगा पार वरपर्यंत. मनू बिचारी मधे. मनूला दिसायच्या फक्त बॅगा.

मनू विचारायची, "आलं का राजापूर?"

बाबा म्हणायचे, "आलंच!"

गाडी बार्शीच्या वेशीवर होती, तेव्हाही बाबा म्हणाले, "आलंच!"

आणखी कोण होतं गाडीत?

दोन मुंग्या होत्या. इटुकली आणि पिटुकली. इटुकली मोठी बहीण. पिटुकली धाकटी बहीण. लाडवाच्या डब्याला चिकटून दोघी गाडीत आल्या होत्या. त्यांना कोणी "या" म्हटलं नव्हतं. कोणी "नको" असंही म्हटलं नव्हतं.

पिटुकली सीटच्या फटीत बसली होती. तिला सहा पाय. त्यातला एक लचकला होता.

"ताई, मला भूक लागली," म्हणाली पिटुकली.

"थांब हं," म्हणाली इटुकली. "मी खाऊ आणते."

तेवढ्यात निहारने लाडू खाल्ला. बुंदीचा लाडू.

आत्या म्हणाली, "सांडू नकोस हं!"

निहार म्हणाला, "नाही सांडत!"

आणि टप्! एक बुंदी सांडली.

पिवळी पिवळी बुंदी. गोड गोड बुंदी. टुण टुण टुण, बुंदी खाली गेली. इटुकली धावली. तुरुतुरु तुरुतुरु! बुंदी हाताशी आलीच होती. इतक्यात वरून आला एक लाल बूट.

धप्प!

बूट होता मनूचा. बुंदी गेली बुटाखाली.

इटुकली म्हणाली,

"मनूताई, मनूताई,
बुंदी अडकली बुटाखाली.
पिटुकली माझी भुकेली.
उचला ना हो पाय!"

मनूने खाली पाहिलं. मनूचे गाल फुगले होते.

"मी नाही पाय उचलणार," म्हणाली मनू. "मला खिडकी हवी. दादा गाई बघतो. दादा ट्रक बघतो. मी नुसत्या बॅगा बघते. दादा खिडकी देईल, तर मी पाय उचलीन. नाहीतर नाही!"

आणि तिने बूट आणखी दाबला. धप्प!

"बरं," म्हणाली इटुकली. तुरुतुरु तुरुतुरु, निघाली इटुकली.

निहारदादा बसला होता खिडकीला नाक लावून. काचेवर नाकाचा गोल उमटला होता. इटुकली चढली त्याच्या गुडघ्यावर.

"निहारदादा, निहारदादा,
बुंदी अडकली बुटाखाली.
मनू पाय उचलेना.
पिटुकली माझी भुकेली.
द्या ना हो खिडकी!"

निहार म्हणाला, "मी नाही खिडकी देणार. मला चकली हवी. चकली आत्याच्या पिशवीत आहे. पिशवीला गाठ आहे. आत्या म्हणते, 'आत्ताच तर लाडू खाल्लास.' लाडू काय चकली असतो? आत्या पिशवी उघडेल, तर मी खिडकी देईन. नाहीतर नाही!"

"बरं," म्हणाली इटुकली. तुरुतुरु तुरुतुरु, निघाली इटुकली.

मनू म्हणाली, "आलं का राजापूर?"

बाबा म्हणाले, "आलंच!"

बाहेर होता एक दगड. दगडावर गावाचं नाव होतं. ते नाव राजापूर नव्हतं.

आत्या बसली होती डोळे मिटून. गाडी इकडे झुकली की आत्या इकडे. गाडी तिकडे झुकली की आत्या तिकडे. इटुकली चढली तिच्या पदरावर.

"आत्याबाई, आत्याबाई,
बुंदी अडकली बुटाखाली.
मनू पाय उचलेना.
निहार खिडकी देईना.
पिटुकली माझी भुकेली.
उघडा ना हो पिशवी!"

आत्याने एक डोळा उघडला.

"मी नाही पिशवी उघडणार," म्हणाली आत्या. "मला मळमळतंय. पोटात गरगर, डोक्यात गरगर. पिशवी उघडली की चकलीचा वास येईल. मग काय होईल, ते विचारूच नको! मला लिंबू हुंगायला हवं. लिंबू आईच्या पर्समध्ये आहे. आई लिंबू काढेल, तर मी पिशवी उघडीन. नाहीतर नाही!"

आणि तिने डोळा मिटला.

"बरं," म्हणाली इटुकली. तुरुतुरु तुरुतुरु, निघाली इटुकली.

आई बसली होती कानांवर हात ठेवून. दोन कान, दोन हात. पर्स मांडीवर. पर्समध्ये लिंबू. इटुकली चढली आईच्या कोपरावर. कोपरावरून मनगटावर. दोन बोटांच्या फटीतून ती कानात बोलली.

"आईबाई, आईबाई,
बुंदी अडकली बुटाखाली.
मनू पाय उचलेना.
निहार खिडकी देईना.
आत्या पिशवी उघडेना.
पिटुकली माझी भुकेली.
काढा ना हो लिंबू!"

आई म्हणाली, "मी नाही लिंबू काढणार. कसं काढू? दोन्ही हातांनी कान झाकलेत. ऐक, ते बाबांचं गाणं!"

ढिंच्याक ढिंच्याक! ढिंच्याक ढिंच्याक!

"सकाळपासून तेच गाणं," म्हणाली आई. "संपतं आणि परत लागतं. बाबा गाणं थांबवतील, तर मी लिंबू काढीन. नाहीतर नाही!"

"बरं," म्हणाली इटुकली. तुरुतुरु तुरुतुरु, निघाली इटुकली.

डोंगर आला. रस्ता वळला. गाडी वळली. आत्या वळली. आत्या म्हणाली, "अगं बाई गं!"

मनू म्हणाली, "आलं का राजापूर?"

बाबा म्हणाले, "आलंच!"

पण या वेळी ते जरा हळू म्हणाले.

बाबा बसले होते पुढे झुकून. समोर होता फोन. फोनमध्ये होती एक बाई. बाई म्हणायची, "उजवीकडे वळा." बाबा उजवीकडे वळायचे. मग बाई म्हणायची, "जमेल तेव्हा मागे फिरा." मग बाबांना घाम यायचा. इटुकली चढली त्यांच्या बाहीवर.

"बाबासाहेब, बाबासाहेब,
बुंदी अडकली बुटाखाली.
मनू पाय उचलेना.
निहार खिडकी देईना.
आत्या पिशवी उघडेना.
आई लिंबू काढेना.
पिटुकली माझी भुकेली.
थांबवा ना हो गाणं!"

बाबा म्हणाले, "मी नाही गाणं थांबवणार. गाणं थांबलं, की सगळे विचारणार, 'आपण कुठे आलो?' आणि आपण कुठे आलो, ते मला..."

बाबांनी इकडे पाहिलं. बाबांनी तिकडे पाहिलं.

"...ते मला ठाऊक नाही," बाबा इटुकलीच्या कानात म्हणाले. "नानांना रस्ता ठाऊक असतो. नाना रस्ता सांगतील, तर मी गाणं थांबवीन. नाहीतर नाही!"

"मग विचारा ना नानांना," म्हणाली इटुकली.

"मी?" म्हणाले बाबा. "मी नाही विचारणार. तूच विचार."

"बरं," म्हणाली इटुकली. तुरुतुरु तुरुतुरु, निघाली इटुकली.

नाना बसले होते हाताची घडी घालून. नाना रुसले होते. मघाशी नाना म्हणाले होते, "डावीकडे घे." फोनमधली बाई म्हणाली होती, "उजवीकडे घ्या." बाबांनी बाईचं ऐकलं. मग नाना म्हणाले, "चहा तरी पाजा." बाबा म्हणाले, "राजापूरलाच पिऊ. आलंच!" तेव्हापासून नाना गप्प.

इटुकली चढली नानांच्या चष्म्यावर.

"नानासाहेब, नानासाहेब,
बुंदी अडकली बुटाखाली.
मनू पाय उचलेना.
निहार खिडकी देईना.
आत्या पिशवी उघडेना.
आई लिंबू काढेना.
बाबा गाणं थांबवेनात.
पिटुकली माझी भुकेली.
सांगा ना हो रस्ता!"

नाना म्हणाले, "मी नाही रस्ता सांगणार. मला काय विचारता? विचारा त्या बाईला!"

मग नानांनी हाताची घडी सोडली. परत घातली.

"मला चहा हवा," म्हणाले नाना. "आल्याचा चहा. गरम चहा. चहा मिळेल, तर मी रस्ता सांगीन. नाहीतर नाही!"

"चहा कुठे मिळेल?" विचारलं इटुकलीने.

"गाडी थांबली तर मिळेल," म्हणाले नाना.

बाबा म्हणाले, "गाडी थांबणार नाही. आपल्याला वेळेत पोचायचंय. काही झालं तरी गाडी थांबणार ना..."

करकच्च!

गाडी थांबली.

समोर रस्त्यात बसली होती एक म्हैस. काळी काळी म्हैस. मोठ्ठी म्हैस. एका बाजूला डोंगर. एका बाजूला ओढा. मधे रस्ता. आणि सगळ्या रस्त्यावर म्हैस.

बाबांनी भोंगा वाजवला. पों पों!

म्हैस बघत राहिली.

पों पों पों!

म्हैस रवंथ करत राहिली.

म्हशीच्या पलीकडे होती एक टपरी. टपरीत होती एक चूल. चुलीवर होती एक किटली. किटलीतून वाफ येत होती.

"चहा!" म्हणाले नाना. एवढंच म्हणाले.

नानांची काच बोटभर उघडी होती. मुंगीला बोटभर म्हणजे केवढं मोठं दार! इटुकली गेली बाहेर. गाडीवरून खाली. म्हशीच्या शेपटीजवळून पलीकडे. तुरुतुरु तुरुतुरु, टपरीवर आली इटुकली.

टपरीत होत्या हौसाकाकू. त्या आलं कुटत होत्या. टक टक टक!

"हौसाकाकू, हौसाकाकू,
बुंदी अडकली बुटाखाली.
मनू पाय उचलेना.
निहार खिडकी देईना.
आत्या पिशवी उघडेना.
आई लिंबू काढेना.
बाबा गाणं थांबवेनात.
नाना रस्ता सांगेनात.
पिटुकली माझी भुकेली.
आणा ना हो चहा!"

हौसाकाकू म्हणाल्या, "अगो मुंगीबाय, मी नाही चहा आणणार. चहा तयार आहे. कपबशी तयार आहे. पण येऊ कशी? ही माझी सगुणा वाटेत बसली आहे. तिच्यावरून उडी मारू? या वयात? हातात किटली घेऊन? सगुणा उठेल, तर मी चहा आणीन. नाहीतर नाही!"

"बरं," म्हणाली इटुकली. तुरुतुरु तुरुतुरु, निघाली इटुकली.

पों पों! गाडी म्हणाली.

ढिंच्याक ढिंच्याक! गाणं म्हणालं.

"आलं का राजापूर?" मनू म्हणाली.

या वेळी बाबा काहीच म्हणाले नाहीत.

इटुकली चढली म्हशीच्या नाकावर. म्हशीने फुर्रर्र केलं. इटुकली पडता पडता राहिली.

"म्हशीबाई, म्हशीबाई,
बुंदी अडकली बुटाखाली.
मनू पाय उचलेना.
निहार खिडकी देईना.
आत्या पिशवी उघडेना.
आई लिंबू काढेना.
बाबा गाणं थांबवेनात.
नाना रस्ता सांगेनात.
काकू चहा आणेनात.
पिटुकली माझी भुकेली.
उठा ना हो आता!"

म्हैस म्हणाली, "मी नाही उठणार. माझ्या कानात गोचीड शिरली आहे. ती चावते. कच कच चावते. मला काही सुचत नाही. मी इथेच बसणार आणि कान हलवणार. तो बघ बगळा. तो रोज येतो. रोज गोचीड टिपतो. आज येतच नाही. बगळा येईल, तर मी उठीन. नाहीतर नाही!"

आणि तिने कान हलवला. फट् फट्!

"बरं," म्हणाली इटुकली. तुरुतुरु तुरुतुरु, निघाली इटुकली.

बगळा उभा होता ओढ्यात. एका पायावर. मान आत, चोच आत. पांढरा शुभ्र बगळा. इटुकली चढली गवताच्या उंच पात्यावर.

"बगळेदादा, बगळेदादा,
बुंदी अडकली बुटाखाली.
मनू पाय उचलेना.
निहार खिडकी देईना.
आत्या पिशवी उघडेना.
आई लिंबू काढेना.
बाबा गाणं थांबवेनात.
नाना रस्ता सांगेनात.
काकू चहा आणेनात.
म्हैस काही उठेना.
पिटुकली माझी भुकेली.
या ना हो इकडे!"

बगळा म्हणाला, "मी नाही येणार. मी शांत पक्षी आहे. मला आवाज सोसत नाही. तो भोंगा ऐक! पों पों, पों पों! मी निघालो की पों. मी थांबलो की पों. त्यांना वाटतं, पों केलं की म्हैस उठते. अरे, तुमच्या पोंमुळेच तर मी येत नाही! भोंगा थांबेल, तर मी येईन. नाहीतर नाही!"

आणि त्याने पाय बदलला.

"बरं," म्हणाली इटुकली. पण या वेळी ती जरा दमून म्हणाली. तुरु... तुरु... तुरु... तुरु... निघाली इटुकली.

इटुकली परत आली गाडीत. सीटच्या फटीतून बारीक आवाज आला.

"ताई, मिळालं का गं?"

"आणतेच हं," म्हणाली इटुकली.

"ताई, मला फार फार भूक लागली."

इटुकलीला कसंतरी झालं. तिने डोळे पुसले. ती चढली भोंग्यावर.

"भोंगेबुवा, भोंगेबुवा,
बुंदी अडकली बुटाखाली.
मनू पाय उचलेना.
निहार खिडकी देईना.
आत्या पिशवी उघडेना.
आई लिंबू काढेना.
बाबा गाणं थांबवेनात.
नाना रस्ता सांगेनात.
काकू चहा आणेनात.
म्हैस काही उठेना.
बगळा काही येईना.
पिटुकली माझी भुकेली.
थांबा ना हो जरा!"

भोंगा म्हणाला, "मी कुठे वाजतो? मला वाजवतात! वर बघ."

इटुकलीने वर पाहिलं. वर होता हात. हाताच्या वर होती बाही. बाहीच्या वर होते बाबा!

"बाबासाहेब, बाबासाहेब," म्हणाली इटुकली. "भोंगा थांबवा ना!"

बाबा म्हणाले, "मी नाही भोंगा थांबवणार. समोर म्हैस दिसत नाही का? म्हैस उठेल, तर मी भोंगा थांबवीन. नाहीतर नाही!"

पों पों पों पों!

इटुकली मटकन बसली.

बाबा म्हणतात, म्हैस उठू दे.
म्हैस म्हणते, बगळा येऊ दे.
बगळा म्हणतो, भोंगा थांबू दे.
भोंगा म्हणतो, बाबांना सांग.

केवढे मोठे मोठे सगळे! म्हैस तर घराएवढी! आणि एकही जण आधी हलायला तयार नाही.

"आता हलायचं कोणी?" म्हणाली इटुकली.

तिने स्वतःकडे पाहिलं. ती होती एवढीशी. तिळाएवढी. पण तिळाएवढी असली तरी ती हलू शकत होती.

तुरुतुरु तुरुतुरु, चढली इटुकली बाबांच्या हातावर. आधी गोड आवाजात म्हणाली, "बाबासाहेब, थांबवा ना भोंगा."

पों पों!

मग मोठ्याने म्हणाली, "बाबासाहेब, थांबवा ना भोंगा!"

पों पों पों!

मग इटुकली काही म्हणाली नाही. तिने तोंड उघडलं. आणि बाबांच्या अंगठ्याला...

चुटुक!

अगदी एवढंसं. अगदी हळू.

"आई गंऽऽऽ!" बाबा ओरडले. हात उडाला वर.

आणि भोंगा थांबला.

डोंगरात केवढी शांतता! फक्त गाणं वाजत होतं बारीक, गाडीच्या आत. बाहेर ओढा वाहत होता. खळ खळ, खळ खळ.

भोंगा थांबला, बगळा आला. फड फड फड! बसला म्हशीच्या डोक्यावर. कानात घातली चोच. टुक! टिपली गोचीड.

बगळा आला, म्हैस उठली. आधी मागचे पाय. मग पुढचे पाय. "हं," म्हणाली म्हैस. शेपटी हलवत गेली ओढ्यात. छपाक!

म्हैस उठली, काकू आल्या. एका हातात किटली. एका हातात कपबशी. सळसळसळ, चहा ओतला. आल्याचा चहा. गरम चहा.

नानांनी बशी ओठांना लावली. सुर्रर्रर्र! नानांच्या मिशा ओल्या झाल्या. नानांचा राग कुठल्या कुठे गेला.

मग नाना खिडकीतून वाकले. हळूच म्हणाले, "अहो बाई, राजापूरला हाच रस्ता का हो?"

"हाच तर! सरळ जा," म्हणाल्या काकू.

नाना ताठ बसले. घसा खाकरला. मोठ्याने म्हणाले, "प्रसन्ना, मला हा रस्ता चांगला ठाऊक आहे. सरळ जा!"

चहा आला, रस्ता कळला. बाबांनी हुश्श केलं. बाबांनी बटण दाबलं. टिक! गाणं थांबलं. फोनमधली बाईपण गप्प झाली.

गाणं थांबलं, आईचे हात सुटले. आईने पर्स उघडली. रुमाल निघाला. किल्ल्या निघाल्या. मनूचा एक मोजा निघाला. सगळ्यात खाली लिंबू निघालं.

लिंबू निघालं, आत्याने हुंगलं. हुंऽऽऽ! आत्याने दोन्ही डोळे उघडले. आत्या म्हणाली, "अय्या, किती छान डोंगर आहे हा!"

आत्याने पिशवीची गाठ सोडली. निहारला चकली मिळाली. कुडुम कुडुम! कुडुम कुडुम! तिने एक चकली मनूलाही दिली. एक आईला. एक बाबांना. नानांना दोन.

पिशवी उघडली, खिडकी मिळाली. निहार सरकला. मनूला म्हणाला, "ये गं इकडे."

मनूने पाहिलं खिडकीकडे. बाहेर ओढ्यात म्हैस. म्हशीवर बगळा. मनू टाळ्या पिटत उठली. आणि तिने पाय उचलला.

लाल बूट वर गेला. बुटाखाली होती बुंदी.

बुंदी चपटी झाली होती. पार चपटी. चकतीसारखी. पण बुंदी ती बुंदीच! चपटी बुंदी उचलायला सोपी. गडगडत नाही, पळत नाही.

इटुकलीने बुंदी घेतली डोक्यावर. तुरुतुरु तुरुतुरु, आली सीटच्या फटीत.

"पिटुकली, ए पिटुकली, ही घे!"

पिटुकलीने एक घास घेतला. मग दुसरा. मग तिसरा.

"ताई," म्हणाली पिटुकली, "गोड आहे गं! तू पण खा."

मग दोघी खाऊ लागल्या. एक घास इटुकलीचा, एक घास पिटुकलीचा.

घुर्रर्र घुर्रर्र! गाडी निघाली. उतरली डोंगर. दिसलं राजापूर. दिसलं मावशीचं घर. मावशी फाटकात उभी होती.

"या, या!" म्हणाली मावशी. "एवढा लांबचा प्रवास! मुलांनी फार त्रास दिला का गं?"

आत्या म्हणाली, "छे! खाऊ बरोबर असला की मुलं गप्प बसतात."

आई म्हणाली, "मी सगळी तयारी करून निघते ना, म्हणून."

नाना म्हणाले, "मी रस्ता सांगितला, म्हणून वेळेत आलो."

बाबा म्हणाले, "त्यात काय एवढं? आपण शांत राहिलं की सगळं शांत राहतं."

आणि त्यांनी अंगठा चोखला.

निहार आणि मनू काही म्हणाले नाहीत. ते कधीच मावशीच्या अंगणात पळाले होते.

इटुकलीसुद्धा काही म्हणाली नाही. तिचं तोंड बुंदीने भरलं होतं.